रिकामा बसलेला सर्व्हर किती वीज खातो

मागच्या उन्हाळ्यात लाईट बिल आलं आणि आई म्हणाली, "अरे, एसी तर आपण रात्रीचा दोन तासच लावतो, मग एवढं कसं काय आलं?" तेव्हा मला पहिल्यांदा त्या कोपऱ्यातल्या कॅबिनेटची आठवण झाली. स्टडी टेबलाखाली आमचा घरचा सर्व्हर असतो, चोवीस तास चालू, तीन वर्षं झाली, आणि तो किती वीज खातो हे मी एकदाही मोजलं नव्हतं. दिवसभर तो तसा काहीच करत नाही, संध्याकाळी कोणीतरी फोटो बघतं, रात्री मोबाईलचे फोटो त्यावर चढतात, बास. त्यामुळे मनात पक्कं होतं की एसी आणि गीझरपुढे याचं काय ते होणार.

आधी तो आहे कशासाठी ते सांगतो, नाहीतर बरेच जण म्हणतात की सरळ बंद करून टाक ना. त्यावर २००४ पासूनचे सगळे फोटो आहेत, घराची आणि गावच्या जमिनीची कागदपत्रं स्कॅन करून ठेवलीयेत, आणि मुख्य म्हणजे बाबांनी गावच्या भजनी मंडळाच्या टेप केलेल्या ४० कॅसेट आहेत, ज्या मी एक एक करून कॉम्प्युटरवर घेतल्या. बाबा आता नाहीत. त्या कॅसेटमध्ये मधेच कुठेतरी "जरा टाळ हळू रे" असा त्यांचा आवाज येतो. तो डेटा मला दुसऱ्या कुणाच्या भरवशावर ठेवायचा नाहीये, तो घरातच राहणार, त्यामुळे सर्व्हर बंद करणे हा पर्याय माझ्यासाठी नव्हताच. तो चालू राहून वीज कमी कशी खाईल एवढाच प्रश्न होता.

मशीन म्हणाल तर जुना डेस्कटॉप. आय-फाईव्ह २४०० प्रोसेसर, म्हणजे इंटेलची २०११ ची दुसरी पिढी, एच-६१ चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ६५० वॅटचा एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय (कधीकाळी गेमिंगसाठी घेतलेला), एक जुनं ग्राफिक्स कार्ड, चार पंखे, सिस्टीमसाठी एक एसएसडी (आत काही न फिरणारी डिस्क) आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पाच हार्डडिस्क, ५०० जीबीपासून २ टीबीपर्यंत. एच-६१ च्या बोर्डावर साटाचे (डिस्क जोडायचे) चारच पोर्ट येतात म्हणून डिस्क जोडायला वेगळं एचबीए कार्ड लावलेलं, सर्व्हरमधून काढलेलं सेकंडहँड. विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं आहे, मॉनिटर कीबोर्ड काही नाही.

मोजायचं कसं, तर पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, एक सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर आणला. एका टोकाला पिन, दुसरीकडे सॉकेट, मधे छोटा डिस्प्ले. पण हे स्वस्त मीटर कमी लोडवर बऱ्याचदा चुकतात आणि त्यावर विश्वास ठेवून पुढची सगळी गणितं मांडायची म्हणजे पाया कच्चा. मग एक गोष्ट केली जी मी सगळ्यांना सांगतो, फुकट आहे आणि एकदम पक्की आहे. तुमच्या घराच्या वीजमीटरवर एक लाल एलईडी लुकलुकत असतो बघा, आणि त्याच्या शेजारी ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं काहीतरी छापलेलं असतं. आमच्यावर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट झालं. त्यावरून हिशोब असा निघतो की ११२५ ला (३६ लाख भागिले ३२००) दोन लुकलुकण्यांमधल्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात.

रविवारी सकाळी बायकोला सांगून घरातले सगळे एमसीबी पाडले, फक्त सर्व्हरच्या खोलीचा ठेवला, त्यातलाही राऊटर आणि बाकीच्या पिना काढल्या, आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन खाली जिन्याखालच्या मीटर बॉक्ससमोर उभा राहिलो. एका लुकलुकण्यात चूक होऊ शकते म्हणून पाच गॅप मोजल्या. लुक... बराच वेळ काही नाही... लुक. पाच गॅपला ६१ सेकंद. ११२५ गुणिले ५ भागिले ६१, म्हणजे ९२ वॅट. वर येऊन बघतो तर प्लगवरचा मीटरही ९१-९२ च दाखवत होता. तो बरोबर होता हे कळलं आणि आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. ९२ वॅट, आणि मशीन तेव्हा काहीच करत नव्हतं! प्रोसेसर ९८ टक्के रिकामा, एकही माणूस कनेक्ट नाही.

आता हे ९२ वॅट पैशात बघा. चोवीस तास चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीला एक साधं गणित आहे, एक वॅट वर्षभर चालला की ८.७६ युनिट होतात. दराचं मात्र लोक हमखास चुकतात, बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून सरासरी काढतात. तसं नाही करायचं. महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० त्याच्यावर, असे स्लॅब असतात. सर्व्हर बंद केला तर कमी होणारे युनिट हे तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमधले असतात, खालच्या स्वस्त स्लॅबमधले नाही. शिवाय त्यावर वहन आकार लागतो, इंधन समायोजन असेल तर ते, आणि शेवटी १६ टक्के वीज शुल्क. फक्त स्थिर आकार तेवढा तसाच राहतो. माझ्या बिलावरून वरचा युनिट सगळं धरून साधारण १३ रुपयांना पडतो, उन्हाळ्यात ३०० ओलांडलं की अजून महाग. म्हणजे माझ्यासाठी एक वॅट म्हणजे वर्षाला साधारण ११४ रुपये. हा आकडा मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवला आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर घेतले. ९२ वॅट म्हणजे महिन्याला ६६ युनिट, वर्षाला दहा हजारांच्या वर. आईला जाऊन खरं ते सांगितलं.

सगळ्यात आधी एक गैरसमज, कारण मी पण तोच धरून बसलो होतो. प्रोसेसरच्या खोक्यावर टीडीपी ९५ वॅट लिहिलंय म्हणजे तो ९५ वॅट खातो असं नाही. टीडीपी हा पूर्ण ताकदीने काम करतानाचा, गरमी बाहेर काढायला कूलर केवढा लागेल त्याचा आकडा आहे. रिकामा असताना हाच प्रोसेसर नीट झोपू दिला तर फार थोडी वीज घेतो. घरचा सर्व्हर दिवसाचे २२-२३ तास रिकामा असतो, त्यामुळे फुल लोडवर तो किती खातो याला आपल्याकडे जवळपास काहीच किंमत नाही. प्रोसेसरचा स्पीड बायोसमधून (मशीनच्या मुळातल्या सेटिंगमधून) कमी करून ठेवणारे लोक मी बघितलेत, त्याने काम जास्त वेळ चालतं आणि मशीन झोपायला उशीर करतं. उलट त्याला पटकन काम संपवू द्या आणि झोपू द्या. सगळी मारामारी त्या रिकाम्या तासांची आहे.

मग एक एक काढत गेलो. नियम एकच, एका वेळी एकच बदल, मग अर्धा तास थांबायचं, आकडा वहीत लिहायचा.

ग्राफिक्स कार्ड पहिलं काढलं. या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहेच आणि मॉनिटर तर लावलेलाच नाही, तरी ते कार्ड तीन वर्षं नुसतं बसून होतं. ९२ चे ८१ झाले. अकरा वॅट, वर्षाला बाराशे रुपये, एक स्क्रू काढायचं काम.

नंतर डिस्क. ३.५ इंची हार्डडिस्क नुसती फिरत असली तरी ५-६ वॅट घेते, एसएमपीएसमधला तोटा धरला तर भिंतीवर साडेसहाच्या आसपास. पाच डिस्क म्हणजे बत्तीस-तेहतीस वॅट नुसत्या फिरण्यात. आणि सगळ्या मिळून साडेसहा टीबी जागा, भरलेली साडेतीन. आता इथे नीट विचार करा, वीज वाचवायची म्हणून नवीन डिस्क घेणं परवडत नाही. एक डिस्क कमी केली तर वर्षाला साडेसातशे वाचतात, त्यात नवीन डिस्कची किंमत निघायला कितीतरी वर्षं जातील. पण माझ्या पाचपैकी दोन डिस्कच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदीत, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या जागा, वाढत चालले होते, म्हणजे त्या तशाही बदलायच्याच होत्या, आज ना उद्या. मग दोन ८ टीबीच्या घेतल्या आणि पाचही जुन्या काढल्या, त्यातल्या धडधाकट तीन बॅकअपसाठी बाजूला ठेवल्या, त्याचं पुढे सांगतो. ८१ चे ६२.

आणि आता एसएसडी धरून तीनच डिस्क राहिल्या, बोर्डावर पोर्ट चार, म्हणजे ते एचबीए कार्ड लागतच नाही की! ते काढलं आणि आकडा ५२ वर आला. एका कार्डाचे दहा वॅट. हात लावून बघितलं होतं त्याच्या हीटसिंकला, चटका बसायचा, तेव्हाच कळायला हवं होतं की ही गरमी म्हणजे आपलंच बिल आहे. ही कार्डं मोठ्या सर्व्हरमध्ये जोरदार हवेत चालायला बनवलेली असतात, त्यांना झोपणं ठाऊक नसतं, आणि नवीन पिढीच्या मशीनमध्ये तर ती प्रोसेसरलाही गाढ झोपू देत नाहीत, म्हणजे नुकसान दुप्पट. पोर्ट कमी पडत असतील तर आधी डिस्क कमी करता येतात का बघा, मग कार्डाचा विचार करा.

पंख्यांचं पटकन सांगतो, चारातले दोन काढले, तीन वॅट गेले. पण डिस्कच्या समोरचा पंखा काढू नका. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी खोली ३६-३७ डिग्रीला जाते, डिस्क ४५ च्या खाली राहिली पाहिजे असं मी बघतो, वीज वाचवायच्या नादात डिस्क भाजली तर काय उपयोग.

यानंतर सॉफ्टवेअर. पॉवरटॉप नावाचा प्रोग्राम आहे, इंटेलच्याच लोकांनी केलेला, त्यात प्रोसेसर किती वेळ कुठल्या सी-स्टेटमध्ये असतो ते दिसतं. सी-स्टेट म्हणजे झोपेच्या पायऱ्या, नंबर जितका मोठा तितकी झोप गाढ. माझा प्रोसेसर सी-१ च्या पुढे जातच नव्हता, म्हणजे नुसता डोळे मिटून पडलेला. कारण बायोसमध्ये सापडलं, सी-३ आणि सी-६ दोन्ही डिसेबल, गेमिंगच्या काळात मीच कधीतरी केलेलं असणार. ते चालू केलं, मग पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून चालवलं, साटाच्या लिंकला पॉवर सेव्हिंगवर टाकलं. आता सी-६ मध्ये ९० टक्क्यांच्या वर वेळ. ४९ चे ४५. नवीन मशीनवर यातून याहून बरंच जास्त मिळतं, माझं मशीन जुनं आहे म्हणून चारच. ऑटो-ट्यून रीस्टार्ट झालं की विसरलं जातं हे लक्षात ठेवा, ते स्टार्टअपला सर्व्हिस करून लावावं लागतं.

इथे एक फटका पण बसला. पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे बोर्डाला कार्डं आणि चिपा जोडणाऱ्या, लिंक झोपवायचं एक सेटिंग असतं, एएसपीएम, ते लिनक्सच्या गाभ्यातून (कर्नल) जबरदस्तीने चालू करता येतं. मी केलं. दीड वॅट कमी झाला, मस्त वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी रात्री फोटो कॉपी होता होता नेटवर्कच गेलं. सर्व्हर चालू, दिवे लागलेले, पण नेटवर्कवरून हाक मारली (पिंग) तर उत्तर नाही. मॉनिटर जोडून बघितलं तर बोर्डावरची नेटवर्क चिप झोपली ती उठलीच नव्हती. कॉपी अर्धवट राहिली, ओरिजिनल मोबाईलमध्ये होते म्हणून वाचलो. ते सेटिंग त्याच रात्री काढलं. ज्याला बोर्ड स्वतःहून एएसपीएम देतो त्याने जरूर घ्यावं, पण जबरदस्ती नको. दीड वॅट म्हणजे पावणेदोनशे रुपये वर्षाचे, तेवढ्यासाठी डेटाशी खेळ नाही करायचा.

आता खरा मोठा भाग, डिस्क झोपवणं. यात माझे दोन आठवडे गेले आणि मला वाटतं सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळालं.

डिस्क स्टँडबायला गेली की फिरणं थांबतं आणि वीज एका वॅटच्या खाली येते. एचडीपार्म नावाच्या कमांडने किती वेळाने झोपायचं ते लावता येतं, पण त्याचे आकडे विचित्र आहेत. एस ऑप्शनला १ ते २४० दिलं तर ते पाच-पाच सेकंदांच्या हिशोबात, म्हणजे १२० दिलं की १० मिनिटं, आणि २४१ पासून पुढे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हिशोबात, २४१ म्हणजे ३० मिनिटं, २४२ म्हणजे एक तास. मी आधी ६० दिलं, पाच मिनिटं. आकडा लगेच ३४ वर आला, खूश झालो.

चार दिवसांनी आई म्हणाली, "रात्री तुझ्या त्या खोलीतून सारखं काहीतरी सुरू होतं आणि बंद होतं रे, ऊंऊंऊं करून." तिची झोप हलकी आहे, आणि तिने जे ऐकलं ते मी कुठल्याही ग्राफमध्ये बघितलं नव्हतं. त्या रात्री लाईट घालवून मी खोलीत बसलो. पावणेदोनला एक डिस्क उठली, आधी टक्, मग ऊंऊं करत चढत जाणारा आवाज, आठ-दहा सेकंदांत सूर स्थिर झाला, मग डोक्यांची बारीक करकर. पाच मिनिटांनी परत खाली बसली. सव्वादोनला परत उठली. बरोब्बर अर्ध्या तासाने! स्मार्ट रिपोर्टमधला स्टार्ट-स्टॉपचा आकडा बघितला तर दिवसाला साठच्या आसपास वाढत होता. हे वाईट आहे. डिस्क सुरू होताना सगळ्यात जास्त ताण पडतो, त्या काही सेकंदात एकेक डिस्क वीस-पंचवीस वॅटपर्यंत खेचते, आणि असं दिवसाला साठ वेळा करायचं म्हणजे वीज वाचवून डिस्क मारायची.

अर्धा तास म्हटल्यावर चोर सापडला. स्मार्टडी नावाची सर्व्हिस, जी डिस्कची तब्येत बघते, ती आपोआप दर ३० मिनिटांनी डिस्कला विचारते, बाई तू बरी आहेस ना, आणि माझी डिस्क त्यासाठी उठायची. तिच्या सेटिंगमध्ये एन स्टँडबाय असा पर्याय टाकला की झोपलेल्या डिस्कला ती उठवत नाही. एक चोर गेला. बाकीचे शोधायला फॅट्रेस वापरलं, कुठला प्रोग्राम कुठल्या फाईलला हात लावतोय ते लाईव्ह दाखवतं. त्यात एक एक बाहेर येत गेले, फोटोंचं अ‍ॅप थंबनेल (फोटोंच्या छोट्या प्रती) मोठ्या डिस्कवर ठेवत होतं, अ‍ॅप चालवणाऱ्या डॉकरचे लॉग (नोंदी) तिथेच, हॉलमधला टीव्ही सुरू झाला की मीडिया सर्व्हर सगळी लायब्ररी परत चाळायचा, आणि प्रत्येक फाईल वाचली की तिची वाचल्याची वेळ लिहिली जायची, ती नोएटाईम नावाच्या सेटिंगने बंद केली.

शेवटी मांडणीच बदलली. रोजचं जे काही आहे, अ‍ॅप, डेटाबेस, थंबनेल, लॉग, चालू महिन्याचे फोटो, ते सगळं एसएसडीवर. पहिली मोठी डिस्क म्हणजे मुख्य संग्रह, दुसरी म्हणजे तिची रोज पहाटे होणारी कॉपी. रेड-वन म्हणजे मिरर (दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं) मुद्दाम नाही केला, कारण मिररमध्ये काही लिहायचं म्हटलं की दोन्ही डिस्क उठतात, आणि चुकून काही डिलीट झालं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. मला एक रात्र मागे जाता आलं पाहिजे. डिस्क मेली तर मिररमध्ये काम न थांबता चालू राहतं हे खरं, पण आमच्या घरात अर्धा दिवस फोटो दिसले नाहीत तर चालतं. फाईल सडते का ते बघायला दोन्हीवर बीटीआरएफएस ही फाईल सिस्टीम आहे, महिन्यातून एकदा स्क्रब म्हणजे सगळ्या डेटाची तपासणी होते, कुठे चेकसम (डेटा ताडून बघायची खूण) चुकला तर दुसरीवरून घ्यायची. ज्यांच्याकडे पाच-सहा डिस्क आहेत त्यांनी मर्जरएफएस (बऱ्याच डिस्क एक म्हणून दाखवणारं) आणि स्नॅपरेड (त्यांची पॅरिटी ठेवणारं) बघावं, त्यात पण एकेक फाईल एकाच डिस्कवर राहते त्यामुळे लागेल तेवढीच डिस्क उठते, फक्त पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायची माहिती) रात्रीच्या सिंकनंतरच ताजी होते हे मान्य असेल तर. झेडएफएस या दुसऱ्या फाईल सिस्टीमच्या रेड-झेडमध्ये डेटा सगळ्या डिस्कवर पसरलेला असतो, एक फोटो उघडला तरी सगळी पलटण जागी होते. झेडएफएस वाईट आहे असं नाही, कामाच्या जागी मी तेच वापरीन, पण ते चोवीस तास फिरणाऱ्या डिस्कसाठी आहे.

आणि पहाटेची सगळी कामं एकत्र आणली. आधी एक वाजता बॅकअप, तीनला कॉपी, पाचला स्मार्ट टेस्ट असं विखुरलेलं होतं. आता पावणेचारला एकदाच उठायचं, सगळं उरकायचं, झोपायचं. झोपायची वेळ पण पाच मिनिटांवरून ३० मिनिटं केली, म्हणजे संध्याकाळी कोणी फोटो बघत असेल तर मधे मधे डिस्क थांबत नाही. स्टार्ट-स्टॉप आता दिवसाला चार-पाच. मुख्य डिस्क दिवसाचे तीन-चार तास फिरते, कॉपीवाली पहाटेचा तासभरच. आईला विचारलं, म्हणाली आता नाही येत आवाज.

त्रास एवढाच की जुना अल्बम उघडला की पहिले आठ-दहा सेकंद थांबावं लागतं. बायकोला सुरुवातीला वाटलं बिघडलंय. आता ती अल्बम उघडून पाणी प्यायला जाते.

एसएमपीएसबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण याच्याकडे कोणी बघत नाही. माझा ६५० वॅटचा. एसएमपीएस किती कमी वीज वाया घालवतो याची ८० प्लसची जी सर्टिफिकेट असतात ती २०, ५० आणि १०० टक्के लोडवर तपासून देतात, १० टक्क्यांवरची अट टायटॅनियमसारख्या सगळ्यात वरच्या सर्टिफिकेटलाच आहे. ६५० चे २० टक्के म्हणजे १३० वॅट. माझं मशीन ३४ वर चालतंय, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास, तिथे तो एसएमपीएस किती वाया घालवतो हे त्याच्या खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. ट्रकने कोथिंबिरीची जुडी आणण्यासारखं आहे ते. घरात एका जुन्या ऑफिस कॉम्प्युटरमधला ३०० वॅटचा चांगल्या प्रतीचा एसएमपीएस पडून होता, तो लावून बघितला आणि ३४ चे २९ झाले. त्याआधी दोन डिस्क एकदम सुरू होताना, प्रोसेसर पूर्ण लोडवर असताना, एकूण किती खेचतात ते मोजून घेतलं, १५० च्या आत होतं, म्हणजे ३०० ला निवांत पुरतं. पण स्वस्तातला नवा लहान एसएमपीएस मात्र घेऊ नका, वीज वाचेल न वाचेल, तो गेला तर डिस्क घेऊन जातो.

मग मोह झाला, एन-१०० चा बोर्ड घ्यावा का. हा २०२३ मध्ये आलेला इंटेलचा छोटा प्रोसेसर, चार कोर, टीडीपी ६ वॅट, सगळे त्याचं नाव घेतात आणि बरोबरच घेतात. माझं मशीन त्याने समजा १४-१५ वर आलं, म्हणजे १४ वॅट वाचले, कागदावरच्या आकड्याने वर्षाला सोळाशे रुपये. बोर्ड आणि रॅम धरून खर्च दहा हजारांच्या वर. सहा वर्षांपेक्षा जास्त लागणार पैसे निघायला, आणि चालू असलेला बोर्ड भंगारात. नाही घेतला. ज्याच्याकडे काहीच नाहीये आणि नवीनच बांधायचंय त्याने जुना बोर्ड शोधू नये, तसलंच काहीतरी कमी विजेचं घ्यावं. पण चालू मशीनवाल्याने आधी स्क्रूड्रायव्हर घ्यावा, मग पाकीट.

बाजूला ठेवलेल्या तीन जुन्या डिस्कचं काय केलं, तर एक जुनं मशीन सांगलीला भावाकडे ठेवलंय आणि त्यात त्या आहेत. ते आठवडाभर बंद असतं. बायोसमध्ये अलार्म लावलाय, रविवारी पहाटे पाचला आपोआप चालू होतं, इथून बदललेला डेटा ओढून घेतं, मला मेल टाकतं आणि स्वतःला बंद करतं. तासाभराचं काम. ते मशीन चालू असताना ७० वॅट खातं पण आठवड्यातून एकच तास, महिन्याला अर्धा युनिटही होत नाही, त्याला ट्यून करायच्या भानगडीत मी पडलोच नाही. भाऊ म्हणतो की दादा, ते चालू होतं कधी आणि बंद होतं कधी, आम्हाला कळत पण नाही.

अजून एक फायदा जो मी धरलाच नव्हता. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, आणि पावसाळ्यात तर कधीही. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस आहे, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. आधी वीस मिनिटं कशीबशी निघायची, आता डिस्क झोपलेल्या असतील तर तासाच्या आसपास चालतं, म्हणजे बहुतेक वेळा लाईट परत येईपर्यंत सर्व्हर बंद करावाच लागत नाही. नाहीच आली तर नट नावाचं सॉफ्टवेअर यूपीएसशी बोलून बॅटरी संपायच्या आत मशीन नीट बंद करतं. फक्त यूपीएस स्वतः पण काही वॅट खातो, माझा सात, तो वेगळा मोजून वहीत लिहिलाय. तो काढणार नाही, ते सात वॅट मी आनंदाने देतो.

गेल्या रविवारी परत सगळे एमसीबी पाडले, सर्व्हर थेट भिंतीला लावला, आणि स्टॉपवॉच घेऊन जिन्याखाली गेलो. शेजारच्या काकूंनी वरून विचारलं, "काय रे, लाईट गेली का?" म्हटलं नाही काकू, मोजतोय. लाल दिवा लुकला आणि बटण दाबलं. मागच्या वेळी बारा सेकंदात दुसरा आला होता. आता वीस झाले, तीस झाले, मला वाटलं माझ्याकडून एक निसटला की काय. एकोणचाळीसाव्या सेकंदाला लुकला. पाच गॅपला १९४ सेकंद, म्हणजे २९ वॅट. वर येऊन वहीत तारीख घालून लिहिलं, एमसीबी वर केले आणि राऊटरची पिन मीटरला लावली, कारण आता यादीत पुढचा तो आहे.